डबल बेल

एसटीत घंटा एकदा वाजली की गाडी थांबते आणि दोनदा वाजली की सुटते. माझ्या दाजींनी हे काम ३१ वर्षं केलं. दोन टोल्यांमध्ये नेमकं अंतर सोडून दोरी ओढायची, म्हणजे सिंगल की डबल असा ड्रायव्हरचा घोळ होत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हातातच बसलं होतं. ते निवृत्त झाले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, ती घंटा मोबाइलवर टिपून घेतली. नाशिक–त्र्यंबक फेरी, दुपारची वेळ, गाडी निम्मी रिकामी. आज ती घंटा कुठकुठल्या गावातली पोरं ऐकत असतील, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा एक मोबाइल गेम आहे. इंडोनेशियातल्या मालेओ या कंपनीने तो २०१७ मध्ये आणला. त्यातले रस्ते तिकडचे, हॉर्न तिकडचे, बसही तिकडच्याच. पण कंपनीने एक दार उघडं ठेवलं आहे. आपल्या बसचं त्रिमितीय मॉडेल स्वतः तयार करून गेममध्ये घालता येतं. मूळ खेळात बाहेरच्या माणसाने केलेल्या अशा बदलाला मॉड म्हणतात. केरळातल्या मुलांनी तिथल्या रंगीबेरंगी टुरिस्ट बस त्यात आणल्या. मग आपल्याकडच्या मुलांना वाटलं, लाल परी का नको? आमच्या भाच्यालाही तेच वाटलं. तो तेव्हा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. नाशिकच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, एक जुना लॅपटॉप आणि ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर त्याने एसटी बांधायला घेतली.

बांधायला घेतली असंच म्हणायला हवं, कारण मी ते काम जवळून पाहिलं आहे. मेळा स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीला तो टेप लावून मापं घेत होता. खिडक्यांची उंची, पायरीचा पत्रा, शिडी, मागच्या दाराची कडी. एका कंट्रोलरने हटकलं तेव्हा दाजींचं नाव सांगून सुटला. पुढच्या काचेवरची पाटी, 'राखीव' लिहिलेली सीट, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा देवाचा फोटो, त्याला वाळून गेलेला हार, पायरीशेजारी रंग उडून निघालेला गंज. गंज त्याने तीनदा रंगवला. पहिल्यांदा फार झाला, गाडी भंगारातली वाटायला लागली. दुसऱ्यांदा कमी पडला, तर दाजी म्हणाले, "ही आत्ता वर्कशॉपमधून आल्यासारखी दिसते. त्र्यंबकच्या पावसात दोन महिने चाललेली गाडी कर."

आणि एवढं सगळं कमी रॅमच्या फोनवरसुद्धा पळायला हवं. खेळणाऱ्या मुलांकडे महागडे फोन नसतात. म्हणून मॉडेलचे कोन कमी ठेवायचे आणि जे घडवता येत नाही ते चित्रात रंगवून भागवायचं. नाटकाचा पडदा रंगवणारे लोक करायचे तेच हे.

खडखडाट मात्र रंगवता येत नाही. तो टिपायला मी त्याच्याबरोबर गेले होते. बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं, म्हणून आमच्या दोघांचा खर्च एक आणि अर्धा असा झाला. मागच्या चाकावरच्या सीटवर तो बसला आणि वाऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून फोन हातरुमालात गुंडाळून काचेला धरला. सातपूर गेलं, गाडीने वेग धरला, काचा वाजायला लागल्या. एसटीतून आयुष्यभर हिंडलेल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही, तो अंगवळणी पडलेला असतो. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. प्रत्येक काच वेगळी वाजते. पोराने त्यासाठी अकरा फेऱ्या केल्या. चालू गाडीतला, चढावरचा, ब्रेक मारल्यावरचा आणि थांबलेल्या गाडीत नुसतं इंजिन धडधडताना होणारा, असे निरनिराळे खडखडाट त्याच्याकडे नावं घालून ठेवलेले आहेत.

चार महिने लागले. मग त्याने तो मॉड फुकट टाकून दिला, कुणीही घ्या म्हणून.

ताईचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय." त्यामागे भीतीही होती. गेमिंग म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर पत्ते खेळून कर्जात बुडालेली माणसंच येतात, आणि तशी दोन घरं आमच्या ओळखीत आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली होती. तिला हे समजावण्यात माझे बरेच दिवस गेले, की तुझा मुलगा जुगार खेळत नाही. खरं तर तो नुसता खेळत बसत नाही. दुसऱ्यांनी खेळावं म्हणून तो वस्तू बनवतो. ते पटल्यावर तिने जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "बनवतो ना? मग ह्याला पगार कोण देतं?"

मी हिशेबाचं काम करते. पंधरा-वीस छोट्या धंद्यांची खाती माझ्याकडे आहेत. द्राक्षाचे व्यापारी आहेत, अंबडचे दोन कारखानदार आहेत, एक केटरर आहे. कुठे काय गेलं आणि कुठे काय आलं हे बघण्याची सवय लागलेली असते. पैसा हवेत नाहीसा होत नाही. एका खात्यातून गेला की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तो सापडतोच. म्हणून ताईचा प्रश्न माझ्या मनात वेगळ्या शब्दांत घोळत राहिला. भाच्याला काही मिळत नाही, ठीक. पण त्याच्या बसवर कुणाला काही मिळतं का?

मिळत होतं. ते कळायला तीन आठवडे लागले.

एका व्हिडिओ चॅनलवाल्याने त्याचा मॉड उचलून आपल्या चॅनलवर दाखवला होता. नाव बदललं होतं, बसच्या मागच्या काचेवर भाच्याने बारीक अक्षरांत लिहिलेली सही पुसली होती. व्हिडिओखाली डाउनलोडची लिंक, आणि ती उघडण्याआधी जाहिरातींची तीन पानं. प्रत्येक पानावर दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग पुढचं बटण. त्या पानांचे पैसे लिंक लावणाऱ्याला मिळतात. व्हिडिओ दोन लाखांवर लोकांनी पाहिला होता. जाहिरातींच्या उत्पन्नात हिस्सा मिळवायचा तर चॅनलला किमान हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, हा यूट्यूबचा २०१८ पासूनचा नियम. भाच्याच्या चॅनलला सहाशे चाळीस सदस्य होते. म्हणजे बस ज्याने बांधली तो उंबरठ्याबाहेर राहिला आणि ज्याने सही पुसली तो आत बसला.

पोरगं त्या रात्री जेवलं नाही. पैशांचं तो एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "मावशी, त्याने पप्पांची घंटा काढून दुसरीच लावलीय. कुठली तरी सायकलची."

बनवतो एक आणि कमावतो दुसरा, या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो भाच्यालाही ठाऊक नव्हता. मी रात्री बसून शोधला आणि त्याला सांगितला. तू आणि तुझे मित्र कट्ट्यावर बसून जो बॅटलग्राउंड्स खेळता ना, त्याची कुळकथा ऐक. झेक देशातल्या एका कंपनीचा 'आर्मा २' हा सैनिकी खेळ होता. त्यावर न्यूझीलंडच्या डीन हॉलने २०१२ मध्ये 'डेझेड' हा मॉड केला. त्या मॉडवर २०१३ मध्ये ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसाने आणखी एक मॉड चढवला. सगळे एका बेटावर उतरतात आणि शेवटचा जिवंत राहील तो जिंकतो, ही त्याची रीत. पुढे कोरियातल्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं, २०१७ मध्ये पबजी आला, आणि आपल्याकडे बंदी वगैरे होऊन २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे तुमचा हाच बॅटलग्राउंड्स. अब्जावधींच्या या इमारतीचा पाया हौशी माणसांनी घरी बसून भरलेला आहे. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ग्रीनला मिळाले."

हो, त्याला मिळाले. 'काउंटर-स्ट्राइक'वाल्यांनाही मिळाले. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या खेळावर तो मॉड म्हणूनच केला होता, वर्षभरात मूळ खेळाच्या कंपनीने तो विकत घेऊन त्यांना कामावर ठेवलं. त्यातला 'डस्ट' नावाचा नकाशा इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन या शाळकरी मुलाने रचला होता. त्याचा 'डस्ट टू' माझ्या धाकट्या भावाने कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून किती खेळला असेल, त्याची मोजदाद नाही. कॅफेवाल्याचं वीजबिल त्या नकाशावर निघत होतं असं म्हटलं तरी चालेल.

पण अशा गोष्टी सांगताना माझ्या मनात एक खटका राहतो. लॉटरी लागलेल्या माणसाचाच फोटो छापून येतो. दहा हजार मुलं मॉड करतात, त्यातला एखादा ग्रीन होतो, आणि उरलेल्यांना सांगितलं जातं की मेहनत करा, तुम्हालाही कुणीतरी बोलावून घेईल. आमच्या धंद्यात याला उधारीवरचं आश्वासन म्हणतात आणि ते जमेला धरत नाहीत.

पैसे देण्याचा सरळ प्रयत्नही एकदा झाला. एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम' या खेळाचे मॉड स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकायला परवानगी मिळाली. वाटणी अशी होती: करणाऱ्याला २५ टक्के, दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला ३०, आणि मूळ खेळाच्या बेथेस्डा कंपनीला ४५. खेळाडू इतके खवळले की चार दिवसांत सगळं गुंडाळून पैसे परत करावे लागले. मला ते वाचताना आधी वाटलं, २५ टक्के कमी म्हणून लोक चिडले असतील. तेही होतं. पण त्याहून मोठी चीड वेगळी होती. इतकी वर्षं जे एकमेकांना सहज देत होते त्याच्यावर अचानक किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या. त्यात एकाच्या मॉडमध्ये दुसऱ्याचा तुकडा वापरलेला, दुसऱ्याच्या मॉडमध्ये तिसऱ्याचा. फुकट होतं तोवर कुणी विचारलं नाही. विक्री म्हटल्यावर हे कुणाचं, ते कुणाचं, अशी भांडणं लागली.

हे वाचल्यावर मी भाच्याला विचारलं, "तुझ्या बसमध्ये दुसऱ्याचं काय काय आहे?"

तो खरं बोलणारा मुलगा आहे. चाकं केरळच्या एका मुलाची, विचारून घेतलेली. स्टिअरिंग एका फुकट मिळणाऱ्या संग्रहातलं. रंगसंगती, बोधचिन्ह आणि गाडीचा सगळा घाट एसटी महामंडळाचा, म्हणजे मुळात दापोडी आणि चिकलठाण्याच्या कार्यशाळांत पत्रा ठोकणाऱ्या कामगारांचा. आवाज एका चालत्या गाडीचा. घंटा बापाची. आणि रस्ते, नकाशा, गेमचं इंजिन हे सगळं त्या इंडोनेशियाच्या कंपनीचं. मी वहीत ही यादी उतरवली. उतरवता उतरवता लक्षात आलं की 'त्याला पगार द्या' हे बोलायला सोपं आहे, पण धनादेश कुणाच्या नावाने फाडायचा हे ठरवायला बसलं तर सकाळ होईल.

तरीही मला हे मान्य नाही की गुंतागुंत आहे म्हणून सगळ्यांनी शून्य घ्यावं. शून्य सगळे घेतच नाहीत. कुणीतरी घेतोच.

मी सात वर्षं ढोल वाजवला आहे. कंबरेला ढोल बांधून वाकडी बारवेपासून निघायचं आणि भद्रकाली, मेन रोड करत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहोचायचं. दुसऱ्या दिवशी हाताला फोड, खांदे उतरलेले, आणि त्या दुखण्यातही एक तृप्ती. त्याचे पैसे कुणी देऊ केले असते तर मला राग आला असता. गणपती माझा, रस्ता माझा, ढोलही मीच वर्गणी काढून घेतलेला. पण त्याच पथकाला गंगापूर रोडच्या एका शोरूमच्या उद्घाटनाची सुपारी आली. तेच ढोल, तेच हात, तोच ठेका. तिथे मात्र पाकीट आलं. पहिल्या वर्षी ते पाकीट कुठे गेलं हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी पाच सुपाऱ्या झाल्या आणि विचारणाऱ्यांना 'आपण हे पैशांसाठी करतो का?' असं ऐकवलं गेलं. हे ऐकवणाऱ्याकडे नवी मोटरसायकल आली होती. आमच्यातले निम्मे लोक पथक सोडून गेले. पुढच्या वर्षी जे राहिले त्यांनी एक वही घातली. सुपारीचं आलं किती, ढोलाच्या पानांना आणि दोऱ्यांना गेलं किती, प्रवासाला किती, उरलं किती. सरावाच्या पहिल्या दिवशी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. कुणाला एक रुपया मिळाला नाही तरी चालेल, पण वाचायची. त्या वहीनंतर मी आणखी चार वर्षं वाजवलं, आणि सोडून गेलेल्यांतले काही परत आले.

तेव्हापासून माझं मत बनलेलं आहे. एखादं काम हौस आहे की वेठ, हे त्या कामाकडे बघून कधीच कळत नाही. टिपरू तसंच पडतं. शेवटी पाकीट कुणी उघडलं, आणि ते उघडलं हे सगळ्यांना दिसलं का, हे बघावं लागतं.

हाच प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता, आणि तोही खूप आधी. एओएल ही इंटरनेट पुरवणारी कंपनी नव्वदच्या दशकात हजारो स्वयंसेवकांकडून आपल्या गप्पांच्या खोल्या, खेळांचे विभाग सांभाळून घ्यायची. त्यांना प्रशिक्षण होतं, ठरलेल्या तासांच्या पाळ्या होत्या, अहवाल लिहावे लागत. मोबदला म्हणून इंटरनेट फुकट किंवा स्वस्तात. तासावर पैसे लागत होते तोवर हा मोबदला मोठा होता. पुढे महिन्याचा एकच दर झाला आणि त्याची किंमत उतरली, पाळ्या तशाच राहिल्या. १९९९ मध्ये काही जणांनी दावा लावला की आम्ही कामगारच होतो, आम्हाला किमान वेतन द्या. ते प्रकरण २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटलं. 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळातल्या स्वयंसेवक मदतनिसांनीही तसाच दावा केला होता. मला त्यात पाळ्यांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मन होईल तेव्हा येऊन मदत करणं वेगळं. मंगळवारी सात ते नऊ तू हजर पाहिजेस, नाही आलास तर कारण दे, असं ज्या दिवशी सांगितलं जातं त्या दिवशी ती नोकरी झाली, मग तिला नाव काहीही द्या. दाजींना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "ड्यूटी लागली की पगार लागतो." एवढं थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

आता दुसरी बाजू, आणि तीही घरातलीच आहे. मॉड गाजल्यावर भाच्याला एकाने ऑर्डर दिली. आमच्या ट्रॅव्हल्सची गाडी बनवून दे, आठशे रुपये देतो. पोरगं हरखलं. पहिली कमाई म्हणून ताईने पेढेसुद्धा आणले. त्या माणसाने मग निळा रंग सात वेळा बदलून घेतला. रात्री साडेअकराला मेसेज, सकाळी सहाला मेसेज. खडखडाट काढून टाक म्हणाला, आमच्या गाड्या वाजत नाहीत. पाच आठवडे गेले, आठशेतले पाचशे मिळाले, आणि त्यानंतर दोन महिने भाच्याने ब्लेंडर उघडलंच नाही. लाल परीवर चार महिने फुकट काम करून जो मुलगा थकला नव्हता तो पाचशे रुपयांत पार दमून गेला. तेव्हा सरसकट दर लावून टाका, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रत्येक हौशी मुलाला पुरवठादार करून टाकलं तर त्याच्या हातचं जे चांगलं आहे तेच आधी जाईल.

मग काय द्यायचं? माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे. जिथे कुणीच कमवत नाही तिथे काहीही मागू नये. चार मुलं चार मुलांना बस देतात, आनंद आहे. जिथे कंपनी किंवा चॅनल या वस्तूंवर पैसा कमावतं तिथे वाटा द्यावा, आणि तो कसा काढला ते दाखवावं. हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी बघावं, आता बऱ्याच ठिकाणी होतं. 'फोर्टनाइट' या खेळाची कंपनी २०२३ पासून आपल्या नक्त उत्पन्नाचा ४० टक्के भाग खेळाडूंनी बांधलेल्या बेटांसह, म्हणजे खेळातल्या छोट्या खेळांसह, सगळ्या बेटांच्या निर्मात्यांसाठी काढते आणि लोक कुठे किती रमले त्यावर वाटते. नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावर २०१८ पासून डाउनलोडच्या प्रमाणात मॉड करणाऱ्यांना गुण मिळतात आणि ते पैशांत बदलून घेता येतात. वाटा लहान असेल, मोठा असेल, त्यावर भांडता येतं. भांडायला आधी आकडा समोर हवा.

आणि पाळी लावली असेल, तर पगार. त्यात चर्चेला जागा नाही.

पैशांइतकीच, किंबहुना भाच्याच्या बाबतीत पैशांहून मोठी, आणखी एक गोष्ट आहे. आपलं काम उचलून निघून जाता आलं पाहिजे. 'माइनक्राफ्ट' खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट लिहून त्या खेळाचा मोठा माहितीकोश उभा केला. तो ज्या कंपनीच्या जागेवर होता तिथे जाहिराती वाढत गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ते सगळे लेखक उठले आणि सगळी पानं घेऊन स्वतंत्र जागी गेले. 'रूनस्केप'वाले त्यांच्या आधीच, २०१८ मध्ये, असेच बाहेर पडले होते. लिहितानाच्या परवान्यात नाव देऊन कुणीही प्रत घ्यावी अशी मोकळीक होती, म्हणून हे जमलं. उलट २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'ची नवी आवृत्ती आली तेव्हा कंपनीच्या अटींत लिहिलेलं होतं की या खेळात तुम्ही रचलेले खेळ आमच्या मालकीचे. याच खेळातल्या एका हौशी मॉडमधून 'डोटा' जन्माला आला होता आणि दुसऱ्या कंपनीकडे जाऊन मोठा झाला होता, तो सल त्यामागे असावा असं मला वाटतं. अटी कुणी वाचत नाही. मी वाचते, कारण तो माझा धंदा आहे. भाच्याला मी आता सांगून ठेवलं आहे, कुठेही काम टाकण्याआधी मला पान पाठव.

त्या चॅनलवाल्याला आम्ही पत्र लिहिलं. पोरगं शिव्या घालायला निघालं होतं, दाजींनी थांबवलं. मग मी आणि त्याने बसून साध्या मराठीत सहा ओळी लिहिल्या. हा मॉड कुणी केला, कधी टाकला, त्याचा पुरावा काय. आणि दोन मागण्या. पहिली, व्हिडिओखाली नाव आणि मूळ लिंक द्या. दुसरी, आजवर यावर काय मिळालं ते सांगा आणि त्यातला अर्धा हिस्सा पाठवा. दाजी शेजारी बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "घंटा परत लाव म्हणावं." ती तिसरी मागणी झाली.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. नाव लागलं. मॉडची मूळ फाइल पुन्हा चढवली गेली, घंटेसकट. पैशांबद्दल त्या माणसाने काही लिहिलं नाही. आम्ही पुन्हा विचारलं, त्यालाही आता महिना होऊन गेला.

भाचा सध्या शिवाई करतोय, इलेक्ट्रिक गाडी. ती वाजत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. मागच्या रविवारी बापलेक दोघं ठक्कर बाजार स्टँडला जाऊन दोन तास नुसते ऐकत बसले होते. दार उघडताना हवा सुटल्याचा आवाज येतो तेवढा त्यांनी टिपला, आणि फलाटावरची उद्घोषणा. घरी आल्यावर दाजींनी मॉडसोबत जाणाऱ्या नावांच्या यादीवर नजर टाकली. चाकं केरळच्या मुलाची, नावासह. आवाज, पप्पा. बारकाईने बघून त्यांनी एक ओळ वाढवायला सांगितली: पत्रा, दापोडी कार्यशाळा.

माझ्या वहीत या मॉडचं नवं पान घातलं आहे. डावीकडे तास लिहिते, पोराने रोज सांगायचे असं ठरलंय. काल रात्रीचे तीन. मागच्या पानावर, लाल परीच्या, उजवा रकाना अजून कोरा आहे आणि त्याखाली मी बेरजेची रेघ मारलेली नाही. येत्या सोमवारी तिसरं पत्र जाईल.